इचिकावाचे ऋतुचक्र : रोजच्या निसर्गाची छायाचित्रे आणि तारखेचे मोल

जपानच्या हवामान खात्याने १९५३ सालापासून देशभर निसर्गाची एक रोजनिशी राखली होती. चेरीची पहिली फुले कोणत्या दिवशी उमलली, भिंगरी प्रथम कधी दिसली, उगुइसु या गाणाऱ्या पक्ष्याची पहिली शीळ कधी ऐकू आली, काजवा कधी चमकला, अशा नोंदी ठिकठिकाणच्या केंद्रांवर एकाच पद्धतीने होत असत. अलीकडच्या काळात या यादीत ३४ प्रकारच्या वनस्पती आणि २३ प्रकारचे प्राणी होते. जानेवारी २०२१पासून प्राण्यांची सर्व निरीक्षणे थांबवण्यात आली. वनस्पतींपैकी उमे, चेरी, हायड्रेंजिया, सुसुकी गवत, गिंको आणि मेपल एवढ्या सहाच उरल्या. शहरे पसरत गेली, तसे केंद्रांच्या परिसरात ठरलेले प्राणी सापडणे आणि नोंदीसाठी योग्य झाडे राखणे कठीण झाले, हे त्यामागचे कारण. या निर्णयाविषयी चिंता व्यक्त झाल्यावर त्याच वर्षी पर्यावरण मंत्रालय, हवामान खाते आणि राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्था यांनी नागरिकांच्या मदतीने ही निरीक्षणे पुढे नेण्याचा प्रयत्न सुरू केला.

या बदलामुळे हौशी छायाचित्रकाराच्या कामाला वेगळे वजन आले आहे. दाराशी आलेल्या भिंगरीचे साधे छायाचित्र स्पर्धेत बक्षीस मिळवणार नाही. पण त्यावर दिवस, वेळ आणि ठिकाण अचूक असेल, तर सरकारी वहीत रिकाम्या राहिलेल्या रकान्यातील ती एक नोंद ठरते. टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा नदीपलीकडे वसलेले इचिकावा हे शहर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

तीन भूमी, एक शहर

चिबा प्रांतातील इचिकावाची लोकसंख्या सुमारे ५ लाख, क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस किलोमीटर. टोकियो स्थानकावरून जलद लोकलने २० मिनिटांत येथे पोहोचता येते. भारतीयांची मोठी वस्ती असलेले निशी-कासाई आणि इचिकावाचा दक्षिणेकडील ग्योतोकु भाग हे तोझाई मार्गावर अवघ्या काही स्थानकांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे जपानमधील अनेक मराठी कुटुंबांसाठी हे शहर म्हणजे शेजारचे अंगणच.

बाहेरून पाहता हे टोकियोचे एक दाट उपनगर. परंतु त्याच्या पोटात तीन निराळ्या भूमी आहेत. उत्तरेला पठाराला पडलेल्या अरुंद, पाणथळ घळी आहेत. जपानी भाषेत त्यांना ‘यात्सु’ म्हणतात. ओमाची येथील नागातायात्सु ही अशीच एक घळ. पूर्वी येथे भातशेती होत असे. आज झऱ्यांच्या पाण्यावर टिकलेली ही ओलसर जमीन निसर्ग-निरीक्षण उद्यान म्हणून राखली आहे. शेजारी १९८७ साली सुरू झालेले महापालिकेचे प्राणी व वनस्पती उद्यान आणि निसर्ग संग्रहालय आहे. मध्यभागी कोनोदाई आणि मामा येथील उंच कडा, जुनी देवळे, वस्तीत उभे असलेले काळे पाइन वृक्ष आणि एदोगावाचा गवताळ काठ. दक्षिणेला ग्योतोकुचा सपाट किनारा आणि त्यापुढे टोकियो उपसागरातील सानबान्झे ही उथळ चिखलभूमी.

एकाच शहरात, एकाच महिन्यात, घळीतला काजवा, नदीकाठचा बगळा आणि समुद्रावरचा चिखल्या पक्षी मिळावा, ही सोय फार थोड्या महानगरांत आहे.

दूरचे अस्वल आणि जवळचा बगळा

वन्यजीवनाचे जगप्रसिद्ध जपानी छायाचित्रकार होशिनो मिचिओ यांचा जन्म १९५२ साली याच इचिकावात झाला. तरुणपणी टोकियोच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना अलास्कावरील एक छायाचित्रांचे पुस्तक मिळाले. त्यातील शिशमारेफ या छोट्या गावाचे आकाशातून घेतलेले चित्र पाहून त्यांनी तेथे पत्र धाडले. अनेक महिन्यांनी उत्तर आले आणि १९७३चा उन्हाळा त्यांनी त्या गावात काढला. १९७८मध्ये ते शिक्षणासाठी अलास्कात गेले आणि तेथेच रमले. १९९० साली त्यांना छायाचित्रणातील मानाचा किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. १९९६च्या ऑगस्टमध्ये कामचात्का येथे अस्वलाच्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

होशिनो यांच्या लेखनात एक विचार पुन्हा पुन्हा येतो. शहरातला माणूस लोकलमध्ये उभा असतो, त्याच क्षणी होक्काइदोच्या रानात एखादे अस्वल ओंडका ओलांडत असते. दोघांचे काळ समांतर वाहत असतात. विशेष म्हणजे ही जाणीव त्यांना शहरात राहत असतानाच झाली. तिचा अर्थ घराजवळही लागू पडतो. सकाळी साडेआठची सोबु मार्गावरची गाडी एदोगावाच्या पुलावरून धडधडत जाते, तेव्हा खाली काठावर बगळा मासा हेरत निश्चल उभा असतो. अलास्का प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पूल मात्र रोज ओलांडावा लागतो.

ऋतूंचे गणित नव्याने

मराठी मनाचे ऋतुमान पावसाभोवती फिरते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रे शेतकऱ्याला पेरणीची वेळ सांगतात. जपानचे पारंपरिक पंचांग वर्षाचे २४ आणि त्याहून बारीक असे ७२ भाग पाडते. प्रत्येक भाग साधारण पाच दिवसांचा. मूळ चिनी पद्धत १७व्या शतकात शिबुकावा हारुमी या खगोलज्ञाने जपानी हवामानाला अनुसरून बदलली. त्यात एप्रिलच्या आरंभीचा एक भाग भिंगरीच्या आगमनाचा आहे आणि सप्टेंबरच्या मध्यानंतरचा एक भाग तिच्या निरोपाचा.

येथेच महाराष्ट्रातून आलेल्या निरीक्षकाचा अंदाज चुकतो. तारांवर रांगेने बसणारी, दुभंगलेल्या शेपटीची भिंगरी महाराष्ट्रात हिवाळी पाहुणी; पावसाळा सरताना येते आणि उन्हाळा तापू लागला की जाते. जपानमध्ये तीच जात वसंतात येऊन घरटी बांधते. पक्षी तेच नव्हेत, कारण जपानच्या भिंगऱ्या हिवाळ्यात आग्नेय आशियाकडे जातात. पण जात एकच. जपानने तिला निरोप द्यावा, त्याच सुमारास महाराष्ट्राने तिचे स्वागत करावे, असे हे उलटे वेळापत्रक आहे.

प्रकाशाचेही तसेच. मुंबईत डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. इचिकावात जेमतेम ३१ अंश. त्यामुळे हिवाळ्यात येथे दुपारीही तिरपा, मऊ प्रकाश मिळतो. मात्र साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून नोकरदाराला शनिवार-रविवारच हाती राहतात. जूनमध्ये याउलट पहाटे साडेचारलाच उजाडते. कार्यालयाची गाडी पकडण्यापूर्वी दोन तास मिळतात आणि त्या वेळी रस्ते, बागा व नदीकाठ जवळपास मोकळे असतात.

वसंत : फुलांपलीकडे

मार्चअखेरीस मामा येथील गुहोजी मंदिरातील झुकत्या फांद्यांची जुनी चेरी आणि कोनोदाईच्या कड्यावरील सातोमी उद्यान गर्दीने फुलते. पांढुरके आकाश आणि फिकट पाकळ्या अशी चौकट असली की कॅमेरा दृश्य उजळ समजून चित्र काळवंडवतो. अशा वेळी एक्स्पोजर एका टप्प्याने वाढवावे लागते. चेरीच्या फुलांत मध टिपायला येणारा हिरवट पक्षी जपानीत ‘मेजिरो’, म्हणजे पांढऱ्या डोळ्यांचा. महाराष्ट्रातील चष्मेवाल्याचा हा सख्खा भाऊबंद. तो एका फुलावर क्षणभरच थांबतो. त्याच्या मागे धावण्यापेक्षा फुलांनी लगडलेली एक फांदी निवडून तेथे वाट पाहणे अधिक फळते.

चेरी ओसरते तेव्हा ओमाची परिसरातील नासपतीच्या बागा पांढऱ्या होतात. इचिकावाची नासपती प्रसिद्ध आहे. या फळझाडाला बहुधा स्वतःच्या जातीच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून शेतकरी हाताने परागीकरण करतात. काम करणाऱ्या हातांसह टिपलेले ते दृश्य निसर्ग आणि माणूस यांच्या देवघेवीचा दस्तऐवज होऊ शकते. अर्थात बागा खासगी आहेत, परवानगीखेरीज रस्ता सोडू नये.

एप्रिल-मे हा सानबान्झेचाही काळ. ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडून उत्तरेला निघालेले चिखल्या व तुतारी कुळातील पक्षी येथे पोट भरण्यासाठी उतरतात. टोकियो उपसागरात मोठ्या ओहोट्या वसंतात व उन्हाळ्यात दिवसा येतात, हिवाळ्यात रात्री. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. पूर्ण ओहोटीत पक्षी फार दूर पांगतात; पाणी चढू लागले की तेच त्यांना किनाऱ्याकडे ढकलते. एका जागी शांत बसलेल्या माणसाच्या पुढ्यात ते आपसूक येतात.

पाऊस आणि उन्हाळा : लहान जिवांचे दिवस

जूनच्या पूर्वार्धात सुरू होणारा ‘त्सुयु’ हा पाऊस कोकणातल्या सरींसारखा कोसळत नाही, तो रेंगाळतो. ढगाळ उजेडात सावल्या कडक पडत नाहीत. बेडूक, गोगलगाय, चतुर, ओले पान यांच्यासाठी हा उत्तम प्रकाश. नागातायात्सुच्या लाकडी पायवाटेवर गुडघे टेकून, कॅमेरा जिवाच्या डोळ्याच्या पातळीवर आणला की चित्राचा सूरच बदलतो.

उन्हाळ्याच्या रात्री याच घळीत काजवे चमकतात. त्यांचा प्रकाश ही नर-मादीची भाषा आहे. फ्लॅश, टॉर्च, एवढेच काय मोबाइलचा पडदाही त्या संवादात व्यत्यय आणतो. अंधार पडण्यापूर्वीच ट्रायपॉडवर चौकट पक्की करावी, फोकस हाताने लावून ठेवावा आणि अनेक सेकंद शटर उघडे ठेवावे. ते जमणार नसेल, तर त्या रात्री फक्त पाहून यावे.

ऑगस्टमध्ये आकाशात संथ तरंगणारे पिवळसर चतुर दिसतात. पूर्वजांच्या स्मरणाचा ओबोन सण याच दिवसांत येतो, म्हणून त्यांना ‘ओबोनचे चतुर’ असेही म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी महाराष्ट्राच्या माळरानांवर थव्यांनी उडणारा चतुर हाच. त्याची जात समुद्र ओलांडते. जपानमध्ये ती दरवर्षी दक्षिणेकडून येते, पिढ्या वाढवत उत्तरेला सरकते आणि बहुतेक भागांत हिवाळ्यात संपते. पुढच्या वर्षी पुन्हा नवा प्रवास. त्याचे पहिले आणि शेवटचे दर्शन तारखेसह टिपणे हा एक उत्तम छोटा प्रकल्प होऊ शकतो.

शरद : हिरोशिगेचा धडा

शरद-संपाताच्या आसपास बांधांवर लाल हिगानबाना फुलतात, डोंगरात उन्हाळा काढलेले लाल चतुर सपाटीवर उतरतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कात्सुशिका हाचिमान देवळातील, अनेक खोडे एकवटल्यासारखा दिसणारा प्रचंड गिंको पिवळाधमक होतो. १९३१पासून तो राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहे.

मामाच्या मेपलवृक्षांचे एक चित्र १८५७ साली उतागावा हिरोशिगे या चित्रकाराने आपल्या एदो शहराच्या शंभर दृश्यांच्या मालिकेत केले. त्यात मेपलच्या फांद्या अगदी डोळ्यांसमोर, मोठ्या. त्यांच्या फटीतून खाली तेकोनाचे देऊळ आणि पूल दिसतो. जवळचे मोठे, दूरचे लहान आणि दोघांमध्ये खोल अवकाश ही रचना आजच्या रुंद कोनाच्या लेन्सला जशीच्या तशी लागू पडते. पान इतके जवळ घ्यावे की त्यावरची कीड खाल्लेली कडाही दिसेल आणि मागे वस्ती ओळखू येईल. असे चित्र ऋतू सांगते आणि जागाही सांगते. केवळ लाल पानाचे चित्र जगात कुठलेही असू शकते.

हिवाळा : पाहुण्यांची वर्दळ

पाने गळाली की पक्षी दिसू लागतात. खाटीक पक्षी काट्यावर किंवा टोकदार फांदीवर टोळ, सरडा टोचून ठेवतो. मराठी नाव त्याच्या धंद्यावरूनच पडले आहे. तो सापडला नाही, तरी काट्यावरची त्याची शिदोरी टिपता येते. उत्तरेकडून तलवार बदके, थापट्ये येतात. नांदूर मध्यमेश्वर किंवा उजनीवर हिवाळा पाहिलेल्यांना हे चेहरे परके नाहीत. सानबान्झेवर पाणबुड्या बदकांचे हजारोंचे थवे पाण्यावर काळी रेघ ओढतात. बगळ्यासारखा शुभ्र पक्षी तिरप्या उन्हात टिपताना एक्स्पोजर थोडे कमी करावे, अन्यथा पिसांचा पोत धुऊन जातो. उडणाऱ्या बदकासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी नसावा.

निळा-नारिंगी छोटा खंड्या येथे बारमाही आहे. पाणवनस्पती वाळल्यावर तो अधिक सहज दिसतो. १९६० व ७०च्या दशकांत नद्या गढूळ झाल्या, तेव्हा हा पक्षी टोकियोच्या शहरी भागातून डोंगराकडे हटला होता. पाणी सुधारल्यावर तो परतला. त्याचे जाणे-येणे आज सांगता येते, कारण त्या काळी कुणीतरी नोंदी ठेवल्या होत्या.

किनारा उरला तो कसा

ग्योतोकुचा जुना किनारा पक्षिनिरीक्षकांत ‘शिनहामा’ या नावाने प्रसिद्ध होता. १९६०च्या दशकात समुद्र बुजवण्याची कामे सुरू झाली, तेव्हा तो वाचवण्यासाठी नागरिक एकत्र आले. बहुतेक किनारा गेला. राजघराण्याच्या बदक-क्षेत्रासह सुमारे ८३ हेक्टरांचा एक तुकडा राखला गेला. जपानच्या विद्यमान सम्राटांनी युवराज असताना १९९२ साली मासाको ओवादा यांना येथेच लग्नाची मागणी घातली होती. इमारतींनी वेढलेल्या या भूमीत आज पाणकावळ्यांची वसाहत आहे. आत मुक्त प्रवेश नाही; २०२० साली उघडलेल्या नव्या निरीक्षण केंद्रातून पक्षी पाहता येतात. सानबान्झे बुजवण्याची योजना ७४० हेक्टरांवरून १०१ हेक्टरांवर आली आणि २००१ साली राज्यपाल दोमोतो आकिको यांच्या कारकिर्दीत रद्द झाली. ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ती कहाणी माहीत असलेल्यांना या लढ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चिखल ही ओसाड जागा नाही, हे सिद्ध करायला आधी तेथे कोण येते ते दाखवावे लागते.

नोंद कशी ठेवावी

पहिली गोष्ट, जागा थोड्या निवडाव्यात. घराजवळचे एक झाड, स्थानकाजवळचे भिंगरीचे घरटे, नदीकाठचा एक कोपरा एवढे पुरे. आठवड्यातून एकदा, त्याच ठिकाणाहून, तीच चौकट घ्यावी. बावन्न आठवड्यांची बावन्न साधी चित्रे शेजारी मांडली की जे दिसते, ते एका उत्कृष्ट चित्रात दिसत नाही.

दुसरी, कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. सुट्टीत पुण्याला जाऊन आलेल्या कॅमेऱ्यात वेळ भारतीयच राहिली, तर जपानमध्ये मध्यरात्रीनंतर साडेतीनपर्यंत घेतलेले चित्र आदल्या दिवसाच्या तारखेवर जाते. मोबाइल हे आपोआप बदलतो, कॅमेरा बहुधा बदलत नाही.

तिसरी, न दिसणेही लिहावे. दरवर्षी येणारा पक्षी यंदा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आला नाही, ही पूर्ण नोंद आहे. चौथी, नोंदी खुल्या करता येतात. आयनॅचरलिस्ट, ईबर्ड यांसारख्या मंचांवर छायाचित्र तारीख व ठिकाणासह देता येते; भारतात झाडांच्या ऋतुबदलांसाठी ‘सीझनवॉच’ हा उपक्रम चालतो. दुर्मीळ जीव किंवा घरटे असेल, तर नेमके ठिकाण मात्र उघड करू नये.

शिस्तीचा भागही तितकाच महत्त्वाचा. १९३४ साली स्थापन झालेली जपानची वन्यपक्षी संस्था घरट्यातील पक्ष्यांचे छायाचित्रण टाळण्याचे आवाहन करते, कारण घाबरलेले आईबाप अंडी-पिले सोडून जाऊ शकतात. स्थानकाच्या छपराखालची भिंगरी माणसांना सरावलेली असते; तरीही फ्लॅश नको आणि तिच्या ये-जा करण्याच्या वाटेत उभे राहणे नको. खाऊ घालून किंवा आवाज लावून पक्षी बोलावू नयेत. वस्तीत लांब लेन्स कुणाच्या खिडकीकडे रोखली जाणार नाही, अनोळखी चेहरे चौकटीत येणार नाहीत, ट्रायपॉडने वाट अडणार नाही, याची काळजी जपानमध्ये विशेष घ्यावी लागते.

दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला मिळाली. परदेशी स्थिरावलेल्या मराठी माणसाला ती दृष्टी सोबत नेता येते; फक्त महिन्यांचा मजकूर नव्या भूमीत नव्याने भरावा लागतो. चैत्रातली पालवी कुठली, श्रावणातला चतुर कुठला, मार्गशीर्षातले बदक कुठले, हे शोधता शोधता भाड्याच्या घराभोवतीचा परिसर ओळखीचा होत जातो. करार तीन वर्षांचा असेल तर तीन वसंत मिळतात. तीन तारखांवरून निष्कर्ष निघत नाही, हे खरे. पण जपानमधील चेरीच्या फुलण्याचा सुमारे बाराशे वर्षांचा इतिहास क्योतोच्या दरबारी व खासगी रोजनिशांतल्या अशाच सुट्या तारखांतून जुळवला गेला आहे. ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांना हवामानबदल ठाऊक नव्हता. फुले उमलली त्या दिवशी त्यांनी तारीख लिहून ठेवली, एवढेच.